ठाणे-नवी मुंबईतून पहिल्या क्रॉस-कंट्री पॅराग्लायडिंग स्पर्धेपर्यंत: टप्प्याटप्प्याने तयारी

पारसिकच्या डोंगरावर किंवा खारघरच्या टेकड्यांवर संध्याकाळी उभं राहिलं की वारा समोरून मस्त लागतो आणि इथूनच झेप घ्यावीशी वाटते. तो विचार तिथेच सोडा. एका बाजूला मुंबई विमानतळ, दुसऱ्या बाजूला डिसेंबर २०२५ पासून सुरू झालेला नवी मुंबई विमानतळ, आणि भरीला ड्रोन-पॅराग्लायडरसारख्या साधनांवर पोलिसांचे वेळोवेळी निघणारे मनाई आदेश. उडायचं ते कामशेतला किंवा त्याहून लांब, आणि नोकरी असेल तर फक्त शनिवार-रविवारी.

तरीही इथे राहून क्रॉस-कंट्री, म्हणजे टेकऑफच्या डोंगरापासून दूर अंतर कापत जायच्या, स्पर्धेची निम्म्याहून जास्त तयारी होऊ शकते. नवखे पायलट पहिल्या स्पर्धेत गुण गमावतात ते बहुतेक वेळा जमिनीवरच्या चुकांमुळे: इन्स्ट्रुमेंटमध्ये (सोबतच्या जीपीएस यंत्रात) चुकीचा टास्क (त्या दिवसाचा ठरलेला मार्ग), उशिरा टेकऑफ, अर्धवट ऐकलेलं ब्रीफिंग, संपलेली बॅटरी. यातली प्रत्येक गोष्ट सोमवार ते शुक्रवार घरी बसून सुधारता येते. हा लेख त्या क्रमाने लिहिला आहे. तुमचा बेसिक कोर्स झालेला आहे आणि तुम्ही एकट्याने थर्मल (वर चढणारा गरम हवेचा झोत) पकडून वर जाऊ शकता, असं इथे गृहीत धरलं आहे.

१. आधी स्वतःला तपासा

पुढच्या पाचही गोष्टींना मनापासून ‘हो’ म्हणता येत नसेल, तर या वर्षी स्पर्धेत नाव घालू नका.

- टेकऑफच्या डोंगरापासून दूर, अनोळखी शेतात एकट्याने सुरक्षित उतरता येतं.
- दहा-बारा जणांच्या गॅगलमध्ये, म्हणजे एकाच थर्मलमध्ये फिरणाऱ्या घोळक्यात, घाबरून बाहेर न पडता फिरता येतं.
- अर्धा स्पीडबार (पायाने दाबून वेग वाढवायची दांडी) दाबून सलग ग्लाइड करता येते आणि विंगचा (कापडी पंखाचा) दाब कमी झाल्याचं लगेच कळतं.
- पाण्यावरचा एसआयव्ही कोर्स (मुद्दाम विंग बिघडवून सावरायला शिकवणारा) सध्याच्याच विंगवर केलेला आहे.
- जोराच्या वाऱ्यात रिव्हर्स लाँच (विंगकडे तोंड करून ती उचलून टेकऑफ) पहिल्या प्रयत्नात जमतं.

शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण टेकऑफवर रांग लागलेली असताना दोनदा लाँच फसलं की तुम्हाला बाजूला होऊन पुन्हा मागे उभं राहावं लागतं. तोवर चांगला थर्मल निघून गेलेला असतो. ग्राउंड हँडलिंगसाठी, म्हणजे जमिनीवर विंग हाताळायच्या सरावासाठी, इथलं एखादं मोकळं मैदान परवानगी घेऊन सकाळी लवकर वापरा. विजेच्या तारा, हायमास्ट दिवे आणि क्रिकेट खेळणारी मुलं नसलेली जागा हवी. दुपारी खाडीवरून येणारा वारा शहरात इमारतींना आपटून वेडावाकडा होतो, तो सरावाच्या कामाचा नाही.

२. खेळ नेमका काय आहे ते समजून घ्या

सर्वांत जास्त अंतर कापणारा जिंकतो, हा समज आधी काढून टाका. बहुतेक स्पर्धांत ‘रेस टू गोल’ असते: ठरलेल्या क्रमाने ठरलेली ठिकाणं गाठत गोलपर्यंत सगळ्यांत आधी पोहोचायचं.

प्रत्येक ठिकाण म्हणजे नकाशावरचा एक बिंदू आणि त्याभोवतीचं वर्तुळ. त्याला सिलिंडर म्हणतात, कारण ते जमिनीपासून सरळ वर गेलेलं मानतात. फलकावर साधारण असा टास्क दिसेल: टेकऑफ, स्टार्ट, त्रिज्या ३ किमी, वेळ १३:००, पहिला टर्नपॉइंट, २ किमी, दुसरा टर्नपॉइंट, ४०० मी, वेगाच्या टप्प्याचा शेवट म्हणजे ईएसएस, १ किमी, गोल, ४०० मी.

इथे तीन गोष्टी पक्क्या करा.

पहिली, सिलिंडरच्या केंद्रापर्यंत जायची गरज नसते. कडेला स्पर्श झाला, ट्रॅकमध्ये (यंत्राने टिपलेल्या तुमच्या मार्गात) तो नोंदला गेला, की पुढे वळा. २ किमी त्रिज्येच्या टर्नपॉइंटला केंद्रापर्यंत गेलात तर जाऊन-येऊन जवळपास ४ किमी फुकट. इन्स्ट्रुमेंट ‘ऑप्टिमाइझ्ड’ मार्ग दाखवतं, तो कडांना शिवून जाणारा सर्वांत छोटा मार्ग असतो. त्याच रेषेकडे लक्ष ठेवा. मात्र अगदी कडेवरून वळू नका, ५०-६० मीटर आत जाऊनच वळा.

दुसरी, स्टार्टच्या वेळेआधी रेषा ओलांडून तसेच पुढे गेलात, तर गुण फक्त स्टार्टपर्यंतच्या अंतराचे मिळतात. मग तुम्ही गोलला सगळ्यांत आधी पोहोचला असलात तरीही. शंका आली की मागे फिरा आणि रेषा पुन्हा ओलांडा. दोन मिनिटं जातील, पण दिवस वाचेल.

तिसरी, ईएसएसला घड्याळ थांबतं, पण पॅराग्लायडिंगमध्ये वेळेचे गुण गोल गाठल्यावरच मिळतात. ईएसएस ओलांडून गोलच्या अलीकडे उतरलेला पायलट वेळेचे सगळे गुण गमावतो. शेवटच्या ग्लाइडमध्ये हिशेब ईएसएसचा नव्हे, गोलचा करायचा.

गुण ‘गॅप’ पद्धतीने काढतात. एका दिवसाचे जास्तीत जास्त १००० गुण, पण ते दरवेळी पूर्ण मिळत नाहीत. किती जण उडाले, किती लांब गेले आणि सर्वांत वेगवान पायलटला किती वेळ लागला, यावर त्या दिवसाचं वजन ठरतं. ते गुण मग अंतर, वेळ आणि आघाडी अशा भागांत वाटले जातात. आघाडीचे गुण पुढे राहून वाट काढणाऱ्यांसाठी असतात, पहिल्या स्पर्धेत त्यांच्या मागे लागू नका. तुमची कमाई अंतरात आहे. सलग पाच दिवस टास्कचं ६०-७० टक्के अंतर कापणारा नवखा, एक दिवस गोल आणि चार दिवस डोंगराच्या पायथ्याशी ‘बॉम्ब आउट’ होणाऱ्यापेक्षा वर राहतो. टेकऑफ केलेल्या प्रत्येकाला किमान अंतराचे गुण मिळतात, हेही लक्षात असू द्या. हे अंतर बहुधा ५ किमीच्या आसपास असतं.

३. स्पर्धा निवडा आणि कागद जमवा

जागतिक स्तरावर हा खेळ एफएआय या आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या सीआयव्हीएल या आयोगाच्या नियमांनी चालतो. ‘कॅटेगरी १’ म्हणजे जागतिक आणि खंडीय अजिंक्यपद. नवख्यांसाठी ‘कॅटेगरी २’च्या स्पर्धा बऱ्या, त्यांतही ‘स्पोर्ट’ किंवा ‘फन’ असा वेगळा गट असलेल्या. आपल्याकडे या खेळाचं मोठं ठिकाण हिमाचलमधलं बीड-बिलिंग. २०१५ मध्ये पॅराग्लायडिंग वर्ल्ड कपची फेरी तिथे झाली होती. टेकऑफ बिलिंगला सुमारे २४०० मीटरवर, उतरायची जागा खाली बीडला सुमारे १४०० मीटरवर, आणि धौलाधारच्या कडेने धर्मशाळेच्या दिशेने लांबलचक कणा. ऑक्टोबर-नोव्हेंबरची हवा त्यातल्या त्यात शांत, वसंतातली जास्त जोरकस. पहिली स्पर्धा शरद ऋतूतलीच घ्या.

स्पर्धेच्या आधी निदान चार-पाच दिवस तिथे मोकळं उडणं झालेलं असावं. कामशेतच्या टेकड्यांवर शिकलेल्या डोळ्यांना हिमालयातली अंतरं फसवतात. समोरचा डोंगर जवळ वाटतो आणि निघतो आठ किलोमीटरवर.

नोंदणी बहुधा ऑनलाइन असते आणि जागा लवकर भरतात. कागदपत्रं:

- पायलटची पातळी दाखवणारं रेटिंग कार्ड, आयपीपीआय किंवा एपीपीआय. किती पातळी लागेल ते त्या स्पर्धेच्या नियमावलीत पाहा.
- चालू वर्षाचं एफएआय स्पोर्टिंग लायसन्स. भारतात हे काम एरो क्लब ऑफ इंडियाच्या अखत्यारीत येतं. अर्ज दोन महिने आधी करा, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.
- सीआयव्हीएलचा पायलट क्रमांक. नावाचं स्पेलिंग लायसन्सवर आणि इथे एकच हवं.
- अपघात विमा, ज्यात पॅराग्लायडिंग स्पष्टपणे सामील आहे. नेहमीच्या आरोग्य किंवा अपघात पॉलिसीत साहसी खेळ वगळलेले असतात. ‘अपवाद’ हे प्रकरण शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि स्पर्धात्मक उड्डाणाबद्दल कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.
- विंगवरच्या प्रमाणपत्राच्या लेबलचा स्वच्छ फोटो, आणि रिझर्व्ह (आणीबाणीचा पॅराशूट) कधी पॅक केला त्याची नोंद.
- आधार कार्ड, रक्तगट, घरच्या दोन व्यक्तींचे फोन नंबर.
- गेल्या वर्षभरातल्या लांब उड्डाणांचे ट्रॅक. काही आयोजक निवडीसाठी मागतात.

४. साहित्य

विंग बदलून स्पर्धेला जाऊ नका, एवढं एक वाक्य पाळलंत तरी खूप. ईएन-बी वर्गातली (ए ते डी या सुरक्षा वर्गवारीतल्या दुसऱ्या पायरीची) वरच्या टोकाची, ओळखीची विंग पहिल्या स्पर्धेला पुरते. ‘सगळे ईएन-डी उडवतात’ म्हणून दोन महिने आधी घेतलेली विंग तुम्हाला मंद करते, कारण भीतीने स्पीडबारला पाय लागत नाही. एकूण वजन, म्हणजे तुम्ही, विंग, हार्नेस (पायलटची पट्ट्यांची बैठक), पाणी, कपडे सगळं धरून, प्रमाणपत्रातल्या मर्यादेच्या वरच्या अर्ध्या भागात येऊ द्या. विंग घट्ट राहते आणि ग्लाइडला वेग मिळतो.

रिझर्व्ह तुमच्या एकूण वजनाला पुरेसा हवा. ठाण्याची दमट हवा त्याच्या कापडाला मानवत नाही. ओल धरलेला, महिनोन्महिने दाबून राहिलेला रिझर्व्ह उघडायला वेळ घेतो. सहा महिन्यांनी, निदान वर्षातून एकदा जाणकाराकडून उघडून, सुकवून, पुन्हा पॅक करून घ्या. त्याच वेळी हार्नेस टांगून त्यात बसा आणि हँडल एका हाताने ओढून रिझर्व्ह खरंच सुटून बाहेर येतो का ते पाहा. नव्या हार्नेसमध्ये जुना रिझर्व्ह घातला असेल तर ही तपासणी टाळूच नका, कारण अशा जोड्यांत पिशवी अडकते. पावसाळ्यात विंग कॉम्प्रेशन बॅगेत कोंडून ठेवू नका. सैल घडी करून कोरड्या खोलीत ठेवा.

बाकीची यादी: ईएन ९६६ मानकाचं हेल्मेट, जीपीएस असलेलं व्हॅरिओ (चढण्या-उतरण्याचा वेग सांगणारं यंत्र), दुसरं इन्स्ट्रुमेंट म्हणून एक्ससीट्रॅक अ‍ॅप टाकलेला फोन, १०,००० एमएएचची पॉवर बँक, आयोजक सांगतील तो रेडिओ, हुक नाइफ (अडकलेल्या दोऱ्या कापायची सुरी), शिट्टी, प्रथमोपचाराची छोटी पिशवी, झाडावर अडकल्यास खाली सोडायला २५-३० मीटर बारीक पण मजबूत दोरी, दोन-तीन लिटर पाण्याची नळीवाली पिशवी. लघवीची सोयही आधीच ठरवा: पुरुषांना नळीची व्यवस्था, महिलांना प्रौढांचे डायपर सोयीचे. लाजून पाणी कमी प्यायल्याने चौथ्या तासाला निर्णय चुकायला लागतात.

कपड्यांबाबत मुंबईकडची मंडळी हमखास कमी पडतात. ३५०० मीटरवर ऑक्टोबरमध्येही गोठवणारी थंडी असू शकते, वर ताशी ४० किमीचा वारा अंगावर. जाड हातमोजे, आतला थर्मल थर, वारा अडवणारं जॅकेट आणि मानेभोवती बफ घ्या. हातमोजे घालून इन्स्ट्रुमेंटची बटणं दाबता येतात का, हे घरीच पाहा.

सॅटेलाइट मेसेंजर परदेशी पायलटांकडे दिसतात म्हणून मागवू नका. भारतात परवान्याशिवाय ती जवळ बाळगणं कायद्याने गुन्हा ठरू शकतं आणि विमानतळांवर त्यावरून अटका झाल्या आहेत.

५. इन्स्ट्रुमेंटचा सराव खारघरच्या बागेत

संपूर्ण लेखातला एकच भाग अमलात आणणार असाल तर हा आणा.

खारघरचं सेंट्रल पार्क किंवा ठाण्यात उपवन तलावाचा परिसर निवडा. नकाशावर पाच-सहा बिंदू घ्या, त्यांची वेपॉइंट फाइल बनवा आणि इन्स्ट्रुमेंटमध्ये भरा. मग छोटा टास्क लावा: स्टार्ट १०० मी त्रिज्या, वेळ सकाळी ६:४५, दोन टर्नपॉइंट ५० मीटरचे, ईएसएस ६० मी, गोल २० मी. आता तो पायी पूर्ण करा. स्टार्टच्या रेषेवर बरोबर वेळेला पोहोचायचं, आधी नाही आणि फार नंतरही नाही. सिलिंडर लागल्याचा आवाज कसा येतो, पुढचा बिंदू आपोआप येतो की बटण दाबावं लागतं, गोलची आवश्यक ग्लाइड कुठल्या चौकटीत दिसते, हे बोटांच्या सवयीचं होईपर्यंत करा. काही इन्स्ट्रुमेंटना टेकऑफ झाल्याचं वेगावरून कळतं आणि चालण्याच्या वेगाला ती जागी होत नाहीत. अशा वेळी हाताने उड्डाण सुरू करायची सोय शोधा किंवा सायकल घ्या.

मग मुद्दाम बिघडवा. चालता चालता टास्क बदला, एक त्रिज्या ४०० वरून १००० करा, स्टार्टची वेळ अर्धा तास पुढे ढकला. टेकऑफवर उन्हात, हार्नेस अडकवलेल्या अवस्थेत असे बदल येतातच. आज टास्क बहुधा क्यूआर कोडवरूनही घेता येतो, पण हाताने भरणं यायलाच हवं. भरल्यावर एकूण अंतर फलकावरच्या अंतराशी ताडून पाहा. किलोमीटरभराचाही फरक असला तर कुठेतरी त्रिज्या किंवा क्रम चुकला आहे.

घड्याळाचं एक जुनं दुखणं: भारतीय वेळ जागतिक वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे. पूर्ण तासांचाच फरक गृहीत धरून मांडणी केली तर स्टार्ट अर्ध्या तासाने चुकतो. हे स्पर्धेच्या सकाळी कळलं तर हात थरथरतात, म्हणून आत्ताच तपासा.

६. हवामान वाचायला रोज पंधरा मिनिटं

सांताक्रूझच्या वेधशाळेतून पहाटे साडेपाचच्या सुमारास हवामान फुगा सुटतो, त्याचा आलेख सकाळी इंटरनेटवर मिळतो. तो रोज वाचा. किनाऱ्याजवळचा खालचा थर समुद्राने बिघडवलेला असतो, म्हणून घाटावरच्या कामशेतसाठी खालच्या हजारभर मीटरकडे दुर्लक्ष करून वरचे वारे आणि उष्ण थर कुठे आडवा आला आहे ते पाहा.

ढगांच्या तळाचा अंदाज सोपा आहे. दुपारचं तापमान आणि दवबिंदू यांतला फरक गुणिले १२५ मीटर. तापमान ३४, दवबिंदू १४, फरक २०, म्हणजे तळ जमिनीपासून अंदाजे २५०० मीटर. सकाळी अंदाज वहीत लिहा, शनिवारी कामशेतला प्रत्यक्षाशी ताडा. दुपारनंतर समुद्राकडचा पश्चिमेचा वारा घाट चढून येतो आणि थर्मल फाडून टाकतो. तो किती वाजता आला, हीही नोंद ठेवा. पुण्याच्या लष्करी विमानतळाची हवाई हद्द फार दूर नाही, त्यामुळे तिथून अंतर कापायला निघण्याआधी स्थानिक प्रशिक्षकांना मर्यादा विचारा.

७. प्रवास

कामशेतला ठाण्याहून लोणावळ्यापर्यंत एक्स्प्रेस आणि पुढे पुणे लोकलने मळवलीनंतरचं स्टेशन. नवी मुंबईकरांना पनवेलहून एक्स्प्रेस वे सोयीचा. बीडसाठी रेल्वेने पठाणकोट, किंवा दिल्लीपर्यंत जाऊन रात्रीची बस, किंवा विमानाने कांगडा. देशांतर्गत विमानात बहुधा १५ किलो सामान मोफत असतं आणि तुमची बॅग २० ते २५ भरेल, तेव्हा जादा वजन आधीच ऑनलाइन घ्या. लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानात, हुक नाइफ चेक-इनमध्ये. उलट केलंत तर दोन्हीकडे अडवतील.

८. टास्कचा दिवस

सकाळी मुख्यालयात हजेरी, गाडीने टेकऑफ, टास्क समितीची चर्चा, ब्रीफिंग, मग लाँच विंडो, म्हणजे टेकऑफसाठी ठरलेली वेळ. ब्रीफिंगमध्ये पेनाने हातावर किंवा चिकटपट्टीवर एवढं लिहा: विंडो कधी उघडते आणि बंद होते, स्टार्टची वेळ, टास्कची अंतिम वेळ, त्या दिवशी स्टार्टजवळ डावं वळण की उजवं, सुरक्षा रेडिओची वारंवारिता, हजेरी देण्याची अंतिम वेळ.

विंडो उघडल्यावर पहिल्या दहांत घुसू नका आणि शेवटच्या दहांत राहू नका. पहिले काही जण वर जाताना दिसले की निघा. त्याआधी सगळं साहित्य अंगावर, इन्स्ट्रुमेंट सुरू, लाइव्ह ट्रॅकर सुरू, लेगस्ट्रॅप दोनदा तपासलेले. लेगस्ट्रॅप, म्हणजे हार्नेसचे मांडीचे पट्टे, घाईतच सुटे राहतात.

स्टार्टच्या दहा मिनिटं आधी शक्य तितक्या उंचीवर, रेषेपासून एखाद किलोमीटर आत असा. थर्मलमध्ये आधीपासून जो फिरतो आहे त्याचीच दिशा घ्यायची, घोळक्यात शिरताना बाहेरून शिरायचं आणि कुणाला अचानक वळायला लावायचं नाही. ढगात शिरणं नियमाविरुद्ध आहे, आणि आत दुसरे दहा पायलट दिसत नसतात हे त्याहून वाईट. तळाच्या शंभर मीटर खालीच थर्मल सोडा.

स्टार्टनंतर पुढच्या घोळक्याच्या मागे धावण्याचा मोह होईल. वेगळ्या दर्जाच्या विंगच्या मागे ग्लाइड केलीत तर तुम्ही त्यांच्याखाली दोनशे मीटरवर पोहोचता आणि त्यांचा थर्मल तुम्हाला मिळत नाही. तुमच्याच वर्गातले तीन-चार जण शोधा आणि त्यांच्याबरोबर राहा. बीडला दुसऱ्या रांगेच्या मागे, आतल्या पर्वतांत शिरू नका. तिथे उतरायला जागा नाही आणि शोधायला दिवस लागू शकतात.

शेवटच्या ग्लाइडचं गणित असं करा. गोल १२ किमी दूर आणि १४०० मीटर उंचीवर, तुम्ही ३००० वर. मधले १६०० मीटर, त्यातले २०० राखीव, म्हणजे लागणारं गुणोत्तर (अंतर भागिले उंची) साधारण साडेआठ. स्थिर हवेत ईएन-बी विंगला ते जेमतेम जमेल. समोरून वारा असेल तर ६ धरा, म्हणजे २००० अधिक २०० राखीव, त्यात गोलचे १४०० धरून एकूण ३६०० मीटरवरून निघायला हवं. आणखी एक थर्मल घ्यायला दहा मिनिटं लागतील, पण गोलच्या २ किमी अलीकडे उतरलात तर वेळेचे सगळे गुण बुडतील.

रेडिओवर हवेची पातळी विचारली जाते: १ सुरक्षित, २ जोरकस, ३ असुरक्षित. खरं सांगा. इतरांनी १ म्हटलं म्हणून आपणही १ म्हणणं धोक्याचं आहे, कारण टास्क थांबवायचा निर्णय याच आकड्यांवर घेतात. कुणी पडलेला दिसला तर त्याच्यावर घिरट्या घालत ठिकाण कळवा. त्यात गेलेल्या वेळाची भरपाई गुणांत देण्याची नियमांत सोय असते.

९. उतरल्यावर

विंग लगेच गोळा करा. पसरलेली विंग म्हणजे मदत हवी, असा अर्थ वरून लावला जातो. मग ‘सुखरूप उतरलो’ हा मेसेज आणि ठिकाण आयोजकांना पाठवा. चहाच्या टपरीवर बसून नंतर कळवू म्हटलंत तर संध्याकाळी शोधपथक निघतं. हजेरी न दिल्यास दंड होतो आणि काही ठिकाणी स्पर्धेतूनही बाद करतात. रिट्रीव्हच्या, म्हणजे परत न्यायला येणाऱ्या, गाडीसाठी गावातल्या रस्त्यावर या, ऑफलाइन नकाशा फोनमध्ये असू द्या.

मुख्यालयात ट्रॅक जमा करायची वेळ ठरलेली असते. मुख्य इन्स्ट्रुमेंटचा ट्रॅक तुटलेला असेल तर फोनवरचा द्या, त्यासाठीच दुसरं यंत्र. रात्री तात्पुरता निकाल लागतो. आपलं अंतर आणि सिलिंडर तपासा. काही चुकलं असेल तर तक्रारीची मुदत थोड्या तासांची असते. आधी स्कोअररला शांतपणे विचारा, बरेच प्रश्न तिथेच सुटतात. झोपण्यापूर्वी विजेत्याचा ट्रॅक आपल्या ट्रॅकवर ठेवून फक्त एक गोष्ट पाहा: तुम्ही उतरलात त्या वेळी तो कुठल्या उंचीवर, कुठल्या उतारावर होता. मग बॅटऱ्या चार्जिंगला लावा आणि उद्याची वेपॉइंट फाइल भरलेली आहे ना ते बघा.